खालच्या मजल्यावरच्या काकांना, मनापासून

काका, नमस्कार.

तुम्हाला असं चारचौघात कौतुक केलेलं आवडत नाही हे माहितीये मला, काकू पण म्हणाल्या की घरी ये, चहा घे आणि सांग, लिहायचं काय त्यात. चहाला तर येणारच आहे. पण आमच्यासारखी खूप घरं आहेत जिथे ऑटिझम असलेला मुलगा किंवा मुलगी आता सतरा-अठरा वर्षांची झालीये आणि आईबाबा नात्यातल्या लग्नालासुद्धा आळीपाळीने जातात, एकाने जायचं आणि एकाने घरी थांबायचं. त्यातल्या कितीतरी जणांनी मला विचारलं की तुम्ही दोघं दापोलीला जाऊन आलात ते जमलं कसं, मुलाजवळ कोणाला ठेवलंत? कोणालाच ठेवलं नव्हतं. तो एकटाच होता आणि खाली तुम्ही होतात. त्यांना पण कळावं म्हणून हे उघड पत्र.

सासूबाई होत्या तोवर त्या असायच्या घरी, तरी आम्ही दोघं मिळून एका रात्रीपेक्षा जास्त बाहेर असं त्याच्या जन्मापासून राहिलोच नव्हतो. त्याला आमच्याबरोबर यायचं नव्हतं. घाटातली वळणं, परक्या गादी-उशीचा वास, हॉटेलात सकाळी कोण कधी दार वाजवेल याचा पत्ता नाही, हे सगळं त्याला नको असतं आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याने शेजारच्या खोलीतून मला व्हॉट्सॲपवर लिहिलं, "तुम्ही जा. मी घरी राहतो. पाणी मी भरतो." गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा बुधवारी रात्री बादल्या भरायचं काम त्याचंच आहे, आणि तो ते कधीच विसरत नाही.

नातेवाईकांत ज्याला ज्याला कळलं त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "असल्या मुलाला एकट्याला टाकून जाणार?" तुम्ही फक्त विचारलंत, "त्याचं काय म्हणणं आहे?" आणि मी सांगायच्या आधीच म्हणालात, थांब, त्यालाच विचारतो. वर आलात, त्याच्या समोर न बसता बाजूच्या खुर्चीवर बसलात, प्रश्न विचारलात आणि गप्प बसलात. काका, ते गप्प बसणं किती लोकांना जमत नाही तुम्हाला माहीत नाही. त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो, डोक्यात वाक्य जुळवावं लागतं, आणि तेवढ्यात समोरचा एकतर प्रश्न बदलून परत विचारतो, की मग त्याला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं, नाहीतर सरळ माझ्याकडे बघतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत. तो बऱ्याच वेळाने म्हणाला, "चालेल. पण बेल नको." बाकी कुठलीच अट नव्हती त्याची.

आणि तुम्ही ती बेल काढलीत. वीजखात्यात आयुष्य काढलेला माणूस, तुम्हाला हे काम म्हणजे काहीच नाही असं तुम्ही म्हणाल, पण आमच्या घरात त्या बेलच्या आवाजाने कानावर हात दाबून तो मोरीत जाऊन बसायचा आणि आम्ही वर्षानुवर्षं बाहेर "बेल वाजवू नये" अशी पाटी लावायचो जी कुरिअरवाला वाचायचाच नाही. तुम्ही बेलच्या जागी होल्डर बसवून हॉलमध्ये दिवा लावून दिलात, बाहेरचं बटण तेच, दाबलं की आवाजाऐवजी दिवा लागतो. साधं काम आहे हे, कुठलाही चांगला वायरमन करून देईल, वाचणाऱ्या आईबाबांनी नोट करून घ्या.

मग ते नियम. आम्ही फ्रीजवर लावलेल्या कागदात पहिलंच होतं, दार कोणालाही उघडायचं नाही. तुम्ही तो कागद वाचून त्याला विचारलंत, "घरात धूर झाला आणि मी बाहेरून हाक मारली तर?" तो म्हणाला, "दार उघडायचं नाही." अगदी ठामपणे म्हणाला, कारण तो नियम जसा लिहिलाय तसाच पाळतो, त्यात "अर्थात तसं झालं तर वेगळं" हे मनातलं कलम त्याच्यासाठी नसतंच, कागदावर असेल तर असतं. मग तुम्ही दोघं बसलात आणि कागद नव्याने लिहिलात. कोणाला उघडायचं त्यांचे फोटो दाराच्या आतल्या बाजूला. धूर किंवा जळका वास आला तर चप्पल घालून जिन्याने खाली यायचं, लिफ्टने नाही, काही बरोबर घ्यायचं नाही, तुमच्या दाराशी येऊन थांबायचं. गॅसचा मेन कॉक बंदच राहणार, भात इलेक्ट्रिक कुकरमध्ये, बाकीचं मायक्रोवेव्हमध्ये. 112 ला फोन कधी करायचा आणि काय बोलायचं ते वाक्य जसंच्या तसं लिहिलेलं. आणि भूक लागली म्हणून जेवायचं असं नाही तर एक वाजला म्हणून जेवायचं, कारण भूक लागलीये हे त्याला पटकन कळत नाही, डोकं दुखायला लागल्यावर कळतं. हे मी तुम्हाला एकदाच सांगितलं होतं, तुम्ही लक्षात ठेवलंत. त्याने काय काय करायचं हे ठरवताना मला वाटतं तुम्ही त्याला घरातला मालक धरूनच बोलत होतात, आणि त्याला ते कळलं, तो ताठ बसला होता.

आता त्या संध्याकाळबद्दल. हे मला नीट लिहायचंय.

आम्ही हर्णैला मासळीचा लिलाव बघायला गेलो होतो. बंदरावर ही गर्दी, पाटीभर बांगडे, बायकांचे बोलीचे आवाज, आणि मला सहज म्हणून त्याला फोटो पाठवायचा होता तर मेसेज जाईना. एकच टिक. आधी वाटलं आमच्याकडे रेंज नाही, मग यांच्या फोनवरून बघितलं तर तेच. फोन तर तो उचलतच नाही, आवाजावर बोलणं त्याला जमत नाही, आमचं सगळं मेसेजवर चालतं आणि मेसेज घरच्या वाय-फायवर. म्हणजे वाय-फाय गेलंय, म्हणजे बहुतेक लाइट गेलीये, आणि लाइट गेली म्हणजे दिव्याची बेल पण गेली. पुण्यापासून पाच-सहा तास लांब उभी होते मी आणि पायातलं बळ गेलं अक्षरशः.

तुम्हाला फोन लावला तर तुम्ही आमच्या जिन्यातच होतात. लाइट गेल्या गेल्या निघाला होतात, लिफ्ट बंद, गुडघा दुखत असताना चार मजले चढून. डीपीचा फ्यूज गेला होता. आमच्या मजल्यावर तोपर्यंत दोघं-तिघं जमून दार ठोकत होते, "अरे बाळा उघड, घाबरू नकोस, आम्ही आहोत", प्रेमानेच, मी कोणाला नावं ठेवत नाही, काळजीपोटीच आले होते ते. पण अंधारात दारावर अशा थापा पडल्या की त्याचं काय होतं हे मला माहितीये. तुम्ही त्यांना हळूच बाजूला घेतलंत, वहीचं पान फाडलंत आणि दाराखालून चिठ्ठी सरकवलीत. हे आधीच ठरलं होतं तुमचं आणि त्याचं, बेल विजेवर चालते तेव्हा वीज गेली तर चिठ्ठी, हे मला माहीतसुद्धा नव्हतं.

ती चिठ्ठी त्याने जपून ठेवलीये आणि मी ती वाचली. "लाइट गेली आहे. डीपीचा फ्यूज गेला आहे. फक्त आपल्या घरी नाही, सगळ्या बिल्डिंगची गेली आहे. कधी येईल ते मला माहीत नाही. मी बाहेर पायरीवर बसलो आहे. साडेआठ वाजता दुसरी चिठ्ठी टाकीन. ठीक असशील तर टिक करून हा कागद परत दे."

काका, "येईलच आता पाच मिनिटांत" असं तुम्ही लिहिलं नाहीत. शंभरातल्या नव्याण्णव लोकांनी ते लिहिलं असतं. त्याला अंधाराची भीती नाही वाटत, त्याला पाच मिनिटं म्हणाले आणि सहावं मिनिट लागलं याचा त्रास होतो, मग सगळंच कोसळतं त्याचं. तुम्ही जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगितलंत आणि जे तुमच्या हातात होतं, साडेआठ वाजता चिठ्ठी, ते दिलंत. त्याने टिक केली, खाली टाइम लिहिला आणि कागद परत सरकवला. साडेआठला दुसरी चिठ्ठी गेली, नऊला तिसरी. मध्ये त्याने टॉर्चच्या उजेडात दहीभात खाल्ला, कारण आठ वाजता जेवायचं असं कागदावर होतं. लाइट आली तेव्हा तुम्ही पायरीवरून उठलात, दार उघडायला लावलं नाहीत, आत डोकावलं नाहीत, दिव्याची बेल एकदा दाबलीत आणि खाली गेलात. मला तुमचा मेसेज आला, "जेवला आहे. तुम्ही पण जेवा."

दुसऱ्या दिवशी परत यायची तयारी केली होती आम्ही. तुम्हीच म्हणालात, येऊ नका, त्याने शुक्रवार लिहिलाय तुमचा, तुम्ही आधी आलात तर त्याचं बिघडेल. म्हणून थांबलो, आणि आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो, तिथे तुमच्यासाठी हात जोडले.

कागदपत्रं आमच्याकडे सगळी आहेत. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात ज्या 21 अपंगत्वांची यादी आहे त्यात ऑटिझम आहे, त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलंय, नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेचा निरामय आरोग्य विमा आहे, एक लाखापर्यंतचा. अठरा पूर्ण झाल्यावर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, नॅशनल ट्रस्टच्या 1999 च्या कायद्याखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा असतो, तो करायचा का आणि किती गोष्टींसाठी यावर आमचं दोघांचं अजून बोलणं चालूय. तुमच्यामुळे एक मात्र झालं, आता त्या बोलण्यात तो पण बसतो. आमच्यानंतर काय हा प्रश्न सगळ्या आईबाबांच्या छातीवर असतो आणि आपण त्याचं उत्तर फायलींमध्ये शोधतो, पण लाइट गेल्यावर चार मजले चढून पायरीवर कोण बसेल हे कुठल्याच ऑफिसातल्या फॉर्मवर नसतं.

वाचणाऱ्यांना एक कळकळीने सांगते, आमचं बघून लगेच बॅगा भरू नका. ऑटिझमबरोबर बऱ्याच मुलांना फिट्स येतात, काही मुलं दार उघडं दिसलं की निघून जातात, काही स्वतःला मारून घेतात, त्यांना एकटं ठेवता येत नाही आणि त्यात आईबाबांचा काहीच कमीपणा नाही. वय बघू नका, मूल बघा. आमच्याकडे आधी भाजी आणण्यापुरतं, मग सिनेमापुरतं, मग सासवडच्या लग्नाचा अख्खा दिवस, मग बहिणीकडे एक रात्र, असं करत करत बरीच वर्षं गेलीयेत. आणि त्याचं स्वतःचं हो असल्याशिवाय तर नाहीच.

काकू, तुमच्याबद्दल वेगळं लिहायला हवं. रोज दुपारी दाराच्या हँडलला डबा अडकवून, बेलचा दिवा लावून, न थांबता खाली जात होतात. भाजी आणि पोळी वेगवेगळ्या डब्यात, एकमेकांना न लागता. हे तुम्हाला कोणी सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही, मी तर नव्हतं सांगितलं.

काका, तुमचे उपकार म्हटलं तर तुम्ही रागवाल म्हणून म्हणत नाही. पण इतकी वर्षं लोकांनी आम्हाला मदत केली ती बहुतेक त्याच्या डोक्यावरून आमच्याशी बोलून केली, तुम्ही त्याच्याशी बोलून केलीत. मी आणि हे, आम्ही दोघं तुमचे फार फार ऋणी आहोत. त्याने पण काही लिहून दिलंय, ते मी न बदलता खाली देते, कारण त्याने तसं सांगितलंय.

"आजोबा, तिसरी चिठ्ठी नऊ वाजता आली. बरोबर वेळेवर. जिन्यात डास असतात. पुढच्या वेळी आधी सांगा, मी कॉइल दाराबाहेर ठेवतो. आईबाबा दिवाळीनंतर परत जाणार आहेत."

हे आम्हाला पण आत्ताच कळतंय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची, त्याची आई