जिनसेंगबद्दल, दोघांनाही

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं म्हणणं राहूनच जातं, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा म्हणतायत जिनसेंगने तरतरी आली, आईचं म्हणणं की हे सगळं थोतांड आहे.

आई, अगदीच थोतांड नाहीये गं ते. चीन-कोरियात शेकडो वर्षं हे मूळ शक्तीसाठी घेतात, आणि त्यातल्या जिनसेनोसाइड नावाच्या घटकांवर भरपूर संशोधन झालंय. 2013 साली कॅन्सरच्या पेशंट्सवर एक मोठी चाचणी झाली, रोज 2 ग्रॅम अमेरिकन जिनसेंग दिलं, तर 8 आठवड्यांनी त्यांचा थकवा नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालेला दिसला. म्हणजे बाबांना बरं वाटतंय ते मनाचे खेळ आहेत असं एकदम म्हणू नकोस, त्यांना वाईट वाटतं.

पण बाबा, स्मरणशक्ती वाढते, म्हातारपण लांबतं वगैरे जे त्या डब्यावर लिहिलंय ना, त्याला तसा आधार नाही. निरोगी माणसाची बुद्धी त्याने तल्लख होते असा खात्रीचा पुरावा 2010 च्या कोक्रेन आढाव्यात (म्हणजे झालेले सगळे अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात) सापडला नाही, डिमेन्शियासाठी, म्हणजे विसरभोळेपणाच्या आजारासाठी, तर नाहीच. शिवाय सगळी जिनसेंग एक नसतात, कोरियन वेगळं, अमेरिकन वेगळं, आणि सायबेरियन म्हणून विकतात ती तर वनस्पतीच दुसरी, त्यात जिनसेनोसाइड नसतातच. कुणाला लागू पडलं म्हणून तुम्हाला पडेलच असंही नाही, कारण या घटकांचं विघटन पोटातले जंतू करतात आणि ते जंतू प्रत्येकाचे वेगळे.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या वॉर्फरिनची, त्या रक्त पातळ ठेवायच्या गोळीची. 2004 च्या एका अभ्यासात अमेरिकन जिनसेंगमुळे वॉर्फरिनचा परिणाम कमी झालेला दिसला, म्हणजे रक्त जेवढं पातळ राहायला हवं तेवढं राहत नाही आणि गुठळीचा धोका वाढू शकतो. कोरियन जिनसेंगबाबत अभ्यासांचं एकमत नाही, पण हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालेल्या माणसाने अशा शंकेवर जुगार का खेळायचा सांगा बरं? वर तुमची शुगरची गोळी चालू आहे, जिनसेंगनेही साखर थोडी उतरू शकते, दोन्ही मिळून चक्कर आली तर आई एकटी काय करणार. आणि रात्री झोप लागत नाही म्हणालात, तेही त्यानेच असू शकतं.

तुम्ही डॉक्टरांना सांगितलं नाहीत हे मात्र मला अजिबात पटलेलं नाही. वनस्पतीचं आहे म्हणून सांगायची गरज नाही असं नसतं हो बाबा. आजपासून डबा बंद, सोमवारी तो सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ती तपासणी, करून घ्या. थकवा कशाने येतोय तेही विचारा, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघायला सांगा. आई, तू बरोबर जा, पण तिथे वाद नको, आणि रिपोर्ट आला की मला लगेच फोटो पाठव.

तुमची,
ताई