सोलापूरच्या माणसाला समुद्र कशाला?

कोची,
२६ एप्रिल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "सोलापूरच्या माणसाला समुद्राचं शिक्षण कशाला गं? आपला हिप्परग्याचा तलाव भरला तरी पुरे." मी उत्तर देणार तोवर आईनं फोन घेतला आणि गाडी कुलरवर गेली. म्हणून हे पत्र. फोनवर तुम्ही दोघं मला सलग बोलू कुठे देता!

आधी कुलरचंच सांगते, तो रोजचा छळ आहे. आई, तू म्हणालीस की नवीन गवत बसवलं, टाकी भरली, तरी अर्ध्या तासात खोलीत चिकचिक होते. म्हणजे तू नक्की दारं-खिडक्या लावून घेत असणार. झळ आत येऊ नये म्हणून लावतेस हे कळतं, पण कुलरला ते चालत नाही. तो हवा गार करतो ती पाण्याची वाफ करून. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना हवेतून इतकी उष्णता ओढून घेतं, की तेवढ्या उष्णतेवर सात-आठ लिटर पाण्याला उकळी आली असती. ती वाफ खोलीतच कोंडली की हवा ओली होते आणि मग पुढचं पाणी उडतच नाही. नुसता पंखा फिरत राहतो. तेव्हा कुलरच्या समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेव आणि कुलरची पाठ खिडकीबाहेर काढ, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल. नळाला पाणी पाच दिवसांआड, त्यात ते असं वाया घालवायचं म्हणजे जिवावर येतं.

हाच कुलर मी इथं आणला असता तर भंगारात घालावा लागला असता. सोलापुरात दुपारी ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असली, तर ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा २४ पर्यंत उतरतो, आणि कुलर फार तर तितकंच गार करू शकतो. कोचीत तापमान ३३ आणि आर्द्रता ७५ टक्के, अशा दुपारी तोच पारा २९ च्या आसपास अडतो. आकडा बघून तुम्ही म्हणता "तिकडं गार आहे की", पण इथं अंगावरचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंगातली उष्णता बाहेर पडते. आपल्याकडे उलटा धोका आहे. घाम आल्या आल्या वाळतो, म्हणून बाबा म्हणतात "मला ऊन बाधतच नाही, घामसुद्धा येत नाही." येतो बाबा, दिसत नाही इतकंच. अंगातलं पाणी चाललेलं असतं आणि वय वाढलं की तहानही कमी लागते. बारा ते चार सायकल बाहेर काढायची नाही. सात रस्त्यावरचं तुमचं काम संध्याकाळी होतं, मला माहीत आहे.

आता हा ओला पारा काय प्रकार आहे, ते बाबांना मी काय सांगू! पहिल्या सत्रात आमच्या हातात एक जुनं उपकरण दिलं. एका चौकटीत शेजारी-शेजारी दोन थर्मामीटर, त्यातल्या एकाच्या फुग्यावर मलमलीचं टोपडं. टोपडं डिस्टिल्ड पाण्यानं भिजवायचं आणि चौकट मुठीनं धरून खुळखुळ्यासारखी गरगर फिरवायची. फिरवणं थांबलं की ओला आधी वाचायचा, कारण तो लगेच चढायला लागतो. टोपड्याला बोटांचं तेल लागलं तरी सर ओरडतात. दोन्ही आकडे लिहून मी तक्त्यात आर्द्रता शोधत होते आणि एकदम तुमची सूतगिरणी आठवली. खंडेनवमीला तुम्ही आम्हाला पूजेला न्यायचात, तेव्हा सूत कातणाऱ्या रिंग फ्रेमच्या खात्यात खांबावर असेच दोन थर्मामीटर होते आणि खाली पाण्याची छोटी डबी. मी विचारलं होतं, एकाला कपडा का घातलाय? तुम्ही म्हणालात, "हवेला किती पाणी पाजायचं ते हा सांगतो." तुमच्या ह्युमिडिफिकेशन प्लॅन्टची एवढीच ओळख मला होती. सोलापूरची हवा कोरडी, सूत तटातट तुटतं, कापसाचे तंतू उडतात, म्हणून हवेत ओल धरायची. वर्गात बाकीची मुलं तो तक्ता पहिल्यांदा बघत होती. मला तो घरातला वाटला.

तेव्हा बाबा, समुद्राचं शिक्षण कशाला, हा प्रश्न तुम्ही तरी विचारू नका. मी तेच शिकते, फक्त इथं हवेला पाणी पाजणारा प्लॅन्ट म्हणजे अरबी समुद्र आहे.

आमची बोटीवरची प्रॅक्टिकल्स झाली. लाटांनी पोटात ढवळतं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, आई काळजी करेल. दोरानं एक यंत्र खाली सोडतात. ते खोलीप्रमाणे पाण्याचं तापमान आणि विजेची वहनक्षमता मोजत जातं, वहनक्षमतेवरून खारटपणा काढतात. एप्रिलमध्ये इथल्या समुद्राचा वरचा थर ३० अंशांच्याही वर तापलेला असतो. पडद्यावर तापमानाची रेघ थोडी सरळ खाली जाते आणि मग एकदम गार बाजूला वळते. ढग, पाऊस, वादळं यांची शिदोरी त्या वरच्या तापलेल्या थरात असते. जूनमध्ये वारा सुटला की हाच किनारा गार पडतो, कारण वारा आणि पृथ्वीचं फिरणं मिळून वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि खालचं थंड, खतासारखं पोषक पाणी वर येतं. त्यावर मासळी पोसते. तारलीला इथं मत्ती म्हणतात आणि ती ज्याच्या-त्याच्या ताटात असते. मी अजून वरणभातावरच आहे.

पावसाळ्यात आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून येणारे वारे या समुद्रावरून वाफ उचलतात आणि सह्याद्रीला धडकतात. हवा वर चढली की गार होते आणि वाफेचं पाणी होतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. घाट उतरून आलेली हवा पुन्हा तापते, ढग विरतात आणि आपल्या वाट्याला सातशे-साडेसातशे येतात. जून-जुलैत ढग डोक्यावरून नुसते पळताना दिसतात, ते हेच. हवेत वाफ असते, पण तिला वर उचलणारं काही नसतं.

हे शाळेतही शिकवलं होतं. जे शिकवलं नव्हतं ते असं, की सोलापूरचा सगळ्यात जास्त पावसाचा महिना सप्टेंबर आहे, आणि त्यात मोठा हात बंगालच्या उपसागराचा. तिकडं कमी दाबाचे पट्टे तयार होतात, आंध्र-तेलंगणावरून सरकत येतात आणि आपल्याकडे पूर्वेकडून पाऊस येतो. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी याच ओलीवर उभी राहते. आजोबा उत्तरा-हस्ताकडे डोळे लावून बसायचे, त्यांना हा हिशेब नक्षत्रांवरून कळत होता. मी उपग्रहाच्या चित्रावरून शिकते, आणि खरं सांगायचं तर कधी कधी आजोबांचा अंदाज आमच्या गृहपाठापेक्षा बरा वाटतो.

ऑक्टोबर २०२० आठवतोय ना? बंगालच्या उपसागरातलं ते वादळी क्षेत्र १३ तारखेला आंध्रातल्या काकीनाड्याजवळ जमिनीवर चढलं. असं काही जमिनीवर आलं की वाफेचा पुरवठा तुटतो आणि ते विरतं, असं पुस्तकात आहे. पण हे तेलंगण ओलांडून १४ तारखेला आपल्या डोक्यावर आलं. पंढरपुरात घाटावरची भिंत पडून माणसं गेली, शेतात कापून ठेवलेलं सोयाबीन वाहून गेलं. पुढे ते पार अरबी समुद्रात जाऊन उतरलं. समुद्र आपल्या दारावरून गेला, बाबा. आपण त्याला अवकाळी म्हणून मोकळे झालो.

आणखी एक, बाबांच्या लहानपणातलं. १९७२ चा दुष्काळ तुम्ही मला कितीदा सांगितलाय: आजी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, तुम्ही सुकडीसाठी रांगेत, आणि घरात ती लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी धड थापताही यायची नाही. त्याच वर्षी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्यावरून अँकोव्ही नावाची लहान मासळी गायब झाली आणि तिथला जगात सगळ्यात मोठा असलेला मासेमारीचा धंदा बसला. दोन्हींच्या मागे एल निनो होता. एरवी प्रशांत महासागरावरचे वारे तापलेलं पाणी पश्चिमेला लोटत असतात, म्हणून पेरूजवळ खालचं गार पाणी वर येतं. वारे मंदावले की तापलेलं पाणी पूर्वेला पसरतं, हवेचं वर चढणं तिकडं सरकतं आणि आपल्याकडे पाऊस दबतो. पेरूतल्या धंद्यात जास्त मासे मारल्याचाही दोष होता, सगळं पाप एल निनोच्या माथी नको. हे धागेदोरे शोधायला सुरुवात भारतातच झाली. गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती १९०४ मध्ये हवामान खात्याचे प्रमुख झाले. दुष्काळाचा अंदाज आधी यावा म्हणून त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे ताडून पाहिले आणि प्रशांत महासागराच्या दोन बाजूंचं हे खाली-वर होणं त्यांना सापडलं.

आता बाबा म्हणतील, "मग टीव्हीवाले एल निनो म्हणाले की दुष्काळ धरूनच चालायचं?" नाही. १९९७ ला एल निनो प्रचंड होता आणि देशात पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापला होता आणि पूर्वेचा गार, त्यानं आपल्याला सावरून धरलं असं मानतात. म्हणजे एकट्या प्रशांतकडे बघून भागत नाही.

वर्गात सोलापूरचं नाव निघालं तेव्हा माझी मान ताठ झाली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात आपल्याकडे ढगांवर कृत्रिम पावसाचा प्रयोग केला होता. विमानातून ढगाच्या बुडाशी कॅल्शियम क्लोराइडची नळकांडी जाळायची, काही ढगांवर करायचं, काहींवर नाही, आणि रडारवर दोघांची तुलना करायची. असे २७६ ढग तपासले. वारा ज्या दिशेनं वाहत जातो त्या बाजूला पाऊस सुमारे १८ टक्के वाढला, असा निष्कर्ष निघाला. आपले काका तेव्हा पारावर सांगत फिरायचे की विमानानं ढग पळवून लावले! त्यांना सांगा, ढग असलाच तर त्यातून थोडं जास्त काढता येतं. नसलेला ढग आणता येत नाही आणि असलेला पळवताही येत नाही.

बाकी अभ्यास म्हणजे गणितच गणित. पृथ्वी फिरते म्हणून वारा आणि पाणी सरळ जात नाही, उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतं, या एका गोष्टीवर अख्खं सत्र जातं. प्रोग्रॅमिंग बरं चाललंय.

जूनच्या सुमारास टीव्हीवर "मान्सून केरळात दाखल" म्हणतील, तेव्हा बाबांनी हे लक्षात ठेवावं: १० मेनंतर केरळ, लक्षद्वीप आणि मंगळुरू मिळून ठरलेल्या १४ केंद्रांपैकी निदान ६० टक्के ठिकाणी लागोपाठ दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस लागतो, शिवाय वाऱ्याचा थर किती उंचीपर्यंत आहे, त्याचा वेग आणि ढगांचं आच्छादनही बघतात. कोची त्या १४ मधलं एक. नुसत्या दोन सरी आल्या म्हणून दाखल होत नाही.

आईचा प्रश्न राहिला, नोकरी कुठे लागणार. हवामान खातं आहे, पुण्याची आयआयटीएम आहे, गोव्याची समुद्रविज्ञान संस्था आहे. आणि मच्छीमारांना मासळी कुठे मिळेल ते सांगणारी, सुनामीचा इशारा देणारी इन्कॉइस संस्था कुठे आहे माहितेय? हैदराबादला! तिथं समुद्र कुठला? म्हणजे दख्खनच्या माणसानं समुद्राकडे बघायला काही हरकत नसावी. प्रबंधाच्या कामासाठी मी तिथं अर्ज करतेय. विषय मांडलाय सोलापूर भागातला सप्टेंबरचा पाऊस आणि बंगालचा उपसागर. जमलं तर शनिवार-रविवार घरी येता येईल, हुसेनसागर एक्सप्रेस आपल्या स्टेशनवरूनच जाते.

अर्जाला दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत हवी आहे. कपाटात वरच्या फळीवर निळ्या फाइलमध्ये आहे. उजेडात धरून फोटो काढा, त्यावर हाताची सावली पडू देऊ नका आणि पाठवा. शुक्रवारी शेवटची तारीख आहे.

तुमची,
मुक्ता