बाबा, मध्ये पाय घालू नका

सिंगापूरबाहेर, नांगरावर
२० जुलै

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, बाबांच्या अंगठ्याला उंबऱ्याची ठेच लागली म्हणालीस ना? काकांच्या धाकट्याने फोटो पाठवलाय. उंबरा नखाचा असा चेंदामेंदा करत नाही. होडी आणि जेटीच्या मध्ये पाय सापडला, तोही मे महिन्यात, आणि मला कळतंय जुलैत. त्याला ओरडू नका, मीच खोदून विचारलं.

बाबा, रागवाल, पण करून झालंय. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपली की तो पोरगा तुमच्याबरोबर होडीवर येईल. त्याचे तीन महिन्यांचे पैसे मी काकांकडे दिलेत, ते परत घेणार नाहीत. तुम्हाला जमत नाही असं मी कुठे म्हणतोय? मालवणच्या बंदरात डोळे मिटून होडी लावाल. पण आमचं पावणेतीनशे मीटरचं जहाज धक्क्याला घेताना बंदराचा पायलट येतो, ढकलायला-ओढायला टग येतात, पुढे-मागे दोरांवर माणसं असतात. आणि तुम्ही एका हातात इंजिन, दुसऱ्यात दोर, सगळं एकट्याने. तो फक्त दोर धरेल. हुकूम तुमचाच. नाहीतरी दिवसभर मोबाइलच बघत असतो.

मी चौथीत असताना होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर दोर देऊन बसवायचात, आठवतं? एकदा जेटी हातभर राहिल्यावर मी उडी मारायला उठलो, तर मागून चड्डी धरून खाली बसवलंत. आणि बोललात, "पाण्याच्या तोंडावर घे, हळू घे. नाय लागली तर परत फेरी घाल. जेटी खंय पळान जाता?" मग त्या दिवशी फेरी का नाही घातलीत, बाबा? इंजिन, जाळी, बर्फ धरून टनभर वजन लाटेवर येतं, ते पायाने थोपत नाही. त्यासाठी टायर असतात. स्कूटरचे चार जुने टायर त्याला दोन्ही बाजूंना बांधायला सांगितलेत. होडी छान दिसणार नाही, चालेल.

दोर हाताला गुंडाळायचा नाही, आधी खुंट्याला एक वेढा. इथे ताणलेल्या दोराच्या रेषेत आम्ही कोणी उभेच राहत नाही. ओहोटीला खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे उतरू नका. इंजिनची लाल दोरी मनगटाला हवी. तोल जाऊन पडलात तर ती सुटते आणि इंजिन बंद पडतं. तुम्ही तिला कपाटाच्या किल्ल्या अडकवल्यात, तेही फोटोत दिसलं! लाइफ जॅकेट पाठवलंय, पातळ आहे, घामाघूम होणार नाही.

आई, इन्व्हर्टरवाला शुक्रवारी येईल, पैसे दिलेत. पंख्याखाली झोपा दोघं. तुझ्या गुडघ्याचं तेल मी आलो की आणतो. साखर असलेल्या माणसाची जखम दोन महिने ओली राहणं बरं नाही, म्हणून सोमवारी डॉक्टरांकडे. हळद लावून बघू, आठवडाभर थांबू, असलं काही नको. बाबा नाही म्हणाले तर मी काकांना रिक्षा घेऊन दारात पाठवतो.

नारळी पौर्णिमेला मी नाही, माझ्या वाटणीचा नारळ तुम्ही सोडा.

आणि अंगठ्याचा नवा फोटो हवाय, मोजा काढून.

तुमचा
बाळू