कम्युनिटी प्रोजेक्ट एपीएमसीत होऊ दे, झेरॉक्सच्या दुकानात नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवीन शैक्षणिक धोरण आलं तेव्हापासून बीए असो बीकॉम असो, मुलांना मेजर विषयाच्या बाहेरचं बरंच काही घ्यावं लागतं, ओपन इलेक्टिव्ह, व्हॅल्यू एज्युकेशन, इंडियन नॉलेज सिस्टीम, शिवाय सेकंड इयरला फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट. कल्पना मला मनापासून पटते. अकाउंट्स शिकणाऱ्या पोराला आपल्या शहरात कोण कसं जगतं हे कळलं पाहिजे यात वादच नाही. पण प्रत्यक्षात काय चाललंय ते घरात बघतेय म्हणून लिहायला बसले.

माझी मुलगी नवी मुंबईतल्याच एका कॉलेजात एसवायला आहे. त्यांच्या ग्रुपला विषय मिळाला स्वच्छता जनजागृती. एका दुपारी सगळ्या जणी बॅनर घेऊन जवळच्या वस्तीत गेल्या, फोटो काढले, थोडे फॉर्म तिथल्या बायकांकडून भरून घेतले आणि उरलेले कॅंटीनमध्ये बसून स्वतःच भरले, मग स्पायरल बाइंडिंगची फाइल, त्यात सर्टिफिकेट, आभार, अनुक्रमणिका सगळं व्यवस्थित. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे तर तयार प्रोजेक्टच असतात, नाव आणि रोल नंबर बदलून प्रिंट मिळते. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल काम म्हणजे 60 तास धरतात हो, ते 60 तास कुठे गेले? सरांना दोष देणार नाही, ते सीएचबीवर, म्हणजे तासावारी मानधनावर, आहेत, दोन कॉलेजं करतात, इतक्या ग्रुपांसोबत वस्तीत फिरायला त्यांना वेळ कोण देतंय आणि पैसे कोण देतंय.

माझं म्हणणं एवढंच की हे सगळे सुटे सुटे पेपर एका धाग्यात ओवा. कॉलेजने आपल्या भागातला एकच प्रश्न घ्यावा आणि तिन्ही वर्षं, सगळ्या शाखांची मुलं मिळून, त्याच प्रश्नाभोवती हे बाहेरचे क्रेडिट लावावेत. अमेरिकेत पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीने 1994 पासून असंच काहीसं केलंय, पहिल्या वर्षापासून एका थीमवर वेगवेगळे विषय एकत्र शिकवायचे आणि शेवटी कॅपस्टोन म्हणून 6 क्रेडिटचं काम, त्यात वेगवेगळ्या विषयांची मुलं एक टीम करून शहरातल्या एखाद्या संस्थेसोबत तिच्या गरजेचं काम करतात. तिथलं जसंच्या तसं इथे आणा असं म्हणत नाही. आपल्याकडे कर्मवीर भाऊरावांनी कमवा आणि शिका चालवलं, गांधीजींनी 1937 ला वर्ध्याला नई तालीम मांडली, हातांनी काम करून शिकणं आपल्याला काही नवीन नाही.

आता वाशी-तुर्भ्याच्या कॉलेजांसाठी एपीएमसीच, म्हणजे इथलं घाऊक मार्केटच, घ्या. कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला, दाणाबंदर, अख्ख्या मुंबईचं पोट तिथून भरतं आणि ते ज्यांच्या पाठीवरून जातं ते माथाडी आपल्याच कोपरखैरणे-घणसोलीत राहतात, माझ्या शेजारचे दादा दाणाबंदरला माथाडींच्या टोळीत आहेत, मान आणि खांदा दोन्ही गेलेत त्यांचे. फर्स्ट इयरला मुलांनी वाचावं की अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांना एकत्र कसं केलं, 1969 चा माथाडी कायदा काय सांगतो, मजुरीवर व्यापाऱ्याने माथाडी बोर्डात लेव्ही, म्हणजे वरची ठरावीक रक्कम, का भरायची आणि त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस कसा निघतो. सेकंड इयरला पहाटे गाड्या खाली होतात तेव्हा तिथे जावं, मुकादमाशी बोलावं, 50 किलोच्या वर गोणी भरू नका ही मागणी इतकी वर्षं का करावी लागते ते बघावं, सायन्सवाल्यांनी मणक्यावर किती भार येतो ते मांडावं, बीकॉमवाल्यांनी लेव्हीचा हिशोब समजून घ्यावा, आर्ट्सवाल्यांनी म्हाताऱ्या माथाडींच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवाव्यात, कारण ती माणसं आता कमी होत चाललीत. आणि थर्ड इयरला काहीतरी परत द्यावं. पीएफचे कागद समजतील अशा भाषेत लिहून द्या, क्लेमचे फॉर्म भरून द्या, मुलांच्या स्कॉलरशिपचे अर्ज करून द्या. नुसती माहिती घेऊन निघून येणं मला बरोबर वाटत नाही.

ऐरोलीच्या कॉलेजांना ठाणे खाडी आहे, 2022 पासून रामसर साइट, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, फ्लेमिंगो बघायला सगळे जातात पण खाडीत मासे का कमी झाले ते दिवा-कोळीवाड्यातल्या माणसांना कोणी विचारत नाही. ठाण्याला येऊरचे आदिवासी पाडे आहेत. उरण-पनवेलकडे सिडकोने जमिनी घेतल्या ती गावं आहेत, 1984 चं जासईचं शेतकऱ्यांचं आंदोलन तिथल्या घराघरात माहीत आहे पण आपल्या सेक्टरमधल्या मुलांनी त्याचे नेते दि. बा. पाटलांचं नाव फक्त विमानतळाच्या बातम्यांत ऐकलंय.

पालक म्हणतील याने नोकरी लागणार का. एवढंच सांगते, पहाटे मार्केटमध्ये उभं राहून अनोळखी माणसाशी बोलणं, हिशोब तपासणं, जे पाहिलं ते चार पानांत नीट लिहिणं, हे ज्याला जमतं त्याला इंटरव्ह्यूला सांगायला स्वतःचं काहीतरी असतं.

कॉलेजांना आणि विद्यापीठाला विनंती आहे की येत्या जूनपासून निदान एका बॅचला तरी असं करून बघा. प्रोजेक्टचे तास शिक्षकांच्या वर्कलोडमध्ये धरा, सीएचबीवाल्यांना त्याचं मानधन द्या. आणि मार्क फाइल बघून देऊ नका, ज्यांच्यासोबत मुलांनी काम केलं त्या टोळीला, त्या पाड्याला बोलावून विचारा की या पोरांचा तुम्हाला काय उपयोग झाला, आणि त्यांच्या सांगण्याला निम्मे मार्क ठेवा.

आपली,
एक पालक, कोपरखैरणे, नवी मुंबई