शाली पुरे, आता पीपीओ तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान तीनवर माजी सैनिक संघटनेच्या शाखेच्या स्नेहमेळाव्याची चार कॉलमी बातमी आणि तेवढाच रुंद फोटो पाहिला. मंचावर एकोणीस माणसं मोजली. बातमीत सत्कारमूर्तींची नावं आली, प्रायोजकांची आली, मसालेभात आणि जिलबीही आली. आज २६ नोव्हेंबर आहे आणि पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याची मुदत ३० तारखेला संपते, एवढंच काय ते राहून गेलं.

बातमीप्रमाणे सभागृह ‘खचाखच’ भरलं होतं. मग त्याच सभागृहाच्या दारात एक टेबल, दोन मोबाइल आणि कुणाचा तरी कॉलेजात जाणारा नातू बसवला असता, तर जेवणाच्या पंगती उठेपर्यंत निम्म्या लोकांचे हयातीचे दाखले होऊन गेले असते. फोनमध्ये ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ अशी दोन ॲप लागतात. आधी फोन हाताळणाऱ्याचा चेहरा, मग पेन्शनरचा. चष्मा काढायचा, उजेड समोरून घ्यायचा, पाठीमागे खिडकी ठेवायची नाही, सांगितलं की पापण्या मिटून उघडायच्या. ज्यांच्या बोटांचे ठसे झिजलेत आणि अंगठ्याचं मशीन ज्यांना दरवर्षी नापास करतं, त्यांची सोय यातच आहे.

चुका होतात त्या पुढे. फौजेतून पेन्शनवर आलेल्यांना ‘स्पर्श’ (संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन व्यवस्था) लागू झालं, तरी ‘पेन्शन देणारी संस्था’ विचारली की हात सवयीने बँकेच्या नावावर जातो. तिथे बँक नाही, ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ निवडायचं. पीसीडीए म्हणजे फौजेचं पेन्शनचा हिशेब बघणारं कार्यालय. शहराचं प्रयागराज झालं म्हणून यादीत प्रयागराज शोधत बसू नये. मंजुरी देणाऱ्या कार्यालयात लष्करवाल्यांनी ‘डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद’ घ्यायचं. नौदलाचं मुंबईचं आणि हवाई दलाचं सुब्रतो पार्कचं कार्यालय वेगळं आहे. लोहगाव-विमाननगरकडच्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. बँक निवडली तरी दाखला तयार होतो, प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, मेसेजही येतो आणि माणूस निश्चिंत होतो. दाखला ‘तयार झाला’ आणि ‘स्वीकारला गेला’ यांत फरक आहे, हे डिसेंबरअखेर खातं कोरडं राहिलं की कळतं.

खडकी-देहूरोड भागात डीएससीची (डिफेन्स सिक्युरिटी कोअरची) दुसरी पेन्शन घेणारे बरेच आहेत. दोन पीपीओ (पेन्शन मंजुरीचे आदेश) असतील तर दाखलेही दोन. एक करून घरी गेलेल्याची दुसरी पेन्शन थांबते, आणि मग ‘सरकारने अर्धी पेन्शन कापली’ अशी ओरड याच मेळाव्यांतून ऐकू येते. निवृत्तीनंतर बँकेत किंवा राज्य सरकारात नोकरी करून तिथली पेन्शन घेत असाल, तर त्या पेन्शनचा दाखला आणखी वेगळा. फॉर्ममध्ये ‘पुनर्विवाह केला आहे का?’ असाही प्रश्न येतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीबाई लाजून नातवाकडे बघतात, आणि गडबडीत नको तिथे टिक झाली की दाखला अडकतो.

हे सगळं शाखेला माहीत नाही असं नाही. पण माहीत असणं आणि टेबल मांडून बसणं यांत जिलबीएवढी वळणं आहेत.

खरं तर कालचा फोटो बघून आठवली ती शहराच्या उत्तरेकडच्या एका शाखेतली गोष्ट. शाखेचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तोफखान्यातले एक हवालदार गेल्या वर्षी जुलैमध्ये हृदयविकाराने गेले, वय ६४. शाखेने शोकसभा घेतली, फोटो काढला, पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवात त्यांच्या पत्नीला ‘वीरपत्नी’ म्हणून शाल दिली. (युद्धात किंवा कारवाईत पती गमावलेल्यांसाठीचा हा शब्द सरसकट वापरून आपण त्याचं वजन घालवतो, पण ते असो.) त्या माउलीला ‘स्पर्श’वर मृत्यूची नोंद करायची असते, एवढं मात्र कुणी सांगितलं नाही. खातं दोघांच्या नावाचं. पेन्शन जमा होत राहिली, ती घरखर्चाला काढत राहिली. नोव्हेंबरचा दाखला गेला नाही तेव्हा पेन्शन थांबली आणि मधल्या पाच महिन्यांची रक्कम वसुलीला लागली.

आता खरी अडचण. पीपीओत बाईंचं नाव माहेरचं, आधार आणि पॅनवर सासरचं. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत जुनी, पण ते पार्ट टू ऑर्डरने (सैनिकाच्या नोंदीतला बदल जाहीर करणाऱ्या लष्करी आदेशाने) रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे त्या-त्या दलाच्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात, नोंदवून घ्यायची रीत कुणी पाडली नाही. शाखेच्या सचिवांनी आत्मविश्वासाने सांगितलं, ‘बेळगावला जा.’ त्यांच्या डोक्यात रेकॉर्ड ऑफिस म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. बाई आणि त्यांचा भाऊ रात्रीच्या एसटीने बेळगावला गेले आणि परत आले. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला. सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (लष्कराच्या यांत्रिकी शाखेचं) सिकंदराबादला, महारचं सागरला, आणि बॉम्बे सॅपर्सचं तर इथेच खडकीत. एवढी यादी सचिवांच्या टेबलावर काचेखाली असायला काय हरकत होती?

पुढे काय लागलं तेही लिहितो, कुणाला उपयोग झाला तर होवो. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा पुरावा, आधार, पॅन, पासबुकाची प्रत, मृत्यूचा दाखला, मूळ पीपीओ आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्डला अर्ज. रेकॉर्डने दुरुस्ती मान्य केली की ती प्रयागराजला जाते आणि सुधारित पीपीओ निघतो. इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे अक्षरशः सारखं हवं. एका कागदावर नावापुढे ‘बाई’ आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरही अर्ज परत येतो. फॅमिली पेन्शन सुरू झाली की दरही बघून घ्यावा. निवृत्तीनंतर मृत्यू झाला असेल तर ७ वर्षं किंवा दिवंगत सैनिकाची ६७ वर्षं पूर्ण होतील ती तारीख, यांतलं जे आधी येईल तोवर वाढीव दर, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ५० टक्के या हिशेबाने. त्यानंतर ३० टक्के. हवालदार ६४व्या वर्षी गेले, म्हणजे बाईंना वाढीव दर लागू होता. तेही त्यांना नाशिक रोडच्या एका कारकुनाने सांगितलं, शाखेने नाही.

नवरा जिवंत असताना हीच दुरुस्ती कितीतरी सोपी जाते, कारण अर्जावर सही त्याची असते. तो गेल्यावर बायकोला आपण त्याची बायको आहोत हे आधी सिद्ध करावं लागतं. म्हणून मेळाव्याच्या निमंत्रणावर ‘सहकुटुंब यावे’च्या खाली एक ओळ छापा: येताना पीपीओ आणि पत्नीचं आधार कार्ड आणावे. दोन कागद शेजारी ठेवून बघायला प्रत्येकी दोन मिनिटं. नाव जुळत नसेल तर त्याच दिवशी अर्जाचा नमुना हातात द्या. ज्यांना पेन्शनच नाही, अशा ६५ वर्षांवरील हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांना आणि विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून पेन्युरी ग्रँट, म्हणजे हलाखीतल्यांसाठीचं अनुदान, मिळते, महिन्याला ८,००० रुपये. त्याचा अर्जही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच जातो. पेन्शन नाही म्हणून मेळाव्याला यायला संकोचणारे हे लोक शाखेच्या यादीत तरी आहेत का?

अर्थात यादी कुणाकडे, हाच वाद आहे. त्या उत्तरेकडच्या शाखेत अध्यक्ष बदलले, फेरफार अर्ज धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत द्यायचा तो दिला नाही, जुने म्हणतात आम्हीच, नवे म्हणतात आम्ही. बँक सह्या बदलून देईना, खातं गोठलेलं, आणि सभासदांचं रजिस्टर जुन्या खजिनदारांच्या कपाटात. इंग्लंडात पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या चार संघटनांनी एकत्र येऊन १९२१ मध्ये ‘ब्रिटिश लीजन’ ही एकच संघटना उभी केली. आपण एका शाखेच्या चार करून चारही ठिकाणी ध्वजारोहण करतो.

आता एक तक्रार तुमच्याबद्दल. कालच्या बातमीत ‘नायक सुभेदार’ असा हुद्दा छापलाय. असा हुद्दा भारतीय सैन्यात नाही. नायक वेगळा, नायब सुभेदार वेगळा. पहिल्याच्या बाहीवर दोन फिती, दुसरा जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर). ‘मेजर (निवृत्त) अमुक’ हेही चूक. निवृत्त माणूस होतो, हुद्दा नाही, म्हणून कंस नावानंतर. ज्या शहरात दक्षिण कमांडचं मुख्यालय आहे, तिथल्या वृत्तपत्राकडून एवढी अपेक्षा जास्त होत असेल तर तसं कळवावं.

पत्र छापणार असाल तर ३० तारखेच्या आत छापा. शाखेचा फोटो ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा पुन्हा येईलच, त्यासाठी जागा राखून ठेवली असेल तर तिथलीच थोडी द्या.

आपला,
एक नियमित वाचक
विश्रांतवाडी, पुणे