हिरडीलगतची प्रत्येक खाच म्हणजे कीड नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

थंड पाण्याने दात शिवशिवू लागले आणि नखाला हिरडीलगत खाच जाणवली, की कीड लागली असे समजून तेच दात दुप्पट जोराने घासले जातात. पुण्यात दंतवैद्यकाचा व्यवसाय करताना मी हे सतत पाहतो. यातून होणारे नुकसान टाळता येण्याजोगे आहे, म्हणून हे पत्र.

किडलेला भाग जंतूंनी तयार केलेल्या आम्लामुळे मऊ पडतो. झिजेने पडलेल्या खाचेचा तळ मात्र टणक, गुळगुळीत आणि पुष्कळदा चकचकीत असतो. ती मुख्यतः गालाकडील बाजूस, सुळ्यामागच्या उपदाढांवर आढळते. दाताच्या मानेपाशी, म्हणजे हिरडीलगत, एनॅमलचा (दातावरच्या कठीण आवरणाचा) थर मुळातच सर्वांत पातळ असतो आणि हिरडी मागे सरकली, की मुळाचा त्याहून नाजूक भाग उघडा पडतो.

दोष सहसा ब्रशला दिला जातो. पण पेस्टशिवाय नुसता ओला ब्रश फारसे काही बिघडवत नाही. झीज होते ती पेस्टमधील घर्षणद्रव्य आणि दाबून आडवा फिरवलेला हात एकत्र आल्यामुळे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पेस्टचा घर्षण निर्देशांक, म्हणजे ती दात किती खरवडते याचे माप, २५० च्या पुढे जाता कामा नये, परंतु आपल्याकडील वेष्टनांवर हा आकडा सहसा नसतो. राखुंडी, मीठ आणि जाडसर मंजनाच्या बाबतीत तर ग्राहकाला काहीच अंदाज येत नाही. मिश्री तंबाखूची असल्याने तिच्यासोबत कर्करोगाचा धोकाही घरात येतो, हे वेगळे सांगायला हवे.

आम्लाचा वाटा मात्र दुर्लक्षित राहतो. तोंडातील सामू (पीएच; तो जितका कमी, तितके आम्ल तीव्र) ५.५ च्या खाली गेला, की एनॅमल विरघळू लागते आणि मुळाचा भाग तर त्याआधीच. लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ च्या दरम्यान असतो. पर्वती किंवा तळजाईवरून फिरून आल्यावर लिंबूपाणी घ्यायचे आणि दात आंबलेले असतानाच ब्रश फिरवायचा, हा क्रम अनेकांच्या अंगवळणी पडला आहे. त्यात मऊ झालेला थरच खरवडला जातो. आंबट घेतल्यावर साध्या पाण्याने चूळ भरून निदान अर्धा तास थांबावे. रात्री घशाशी आंबट येत असेल, तर दंतवैद्याइतकीच पोटाच्या डॉक्टरांचीही गरज आहे.

झोपेत दात खाणाऱ्यांच्या बाबतीत चावण्याचा ताण मानेपाशी एकवटून तिथला दात तुटत जातो, असे गृहीतक १९८० च्या दशकात मांडले गेले आणि १९९१ मध्ये त्याला ‘ॲबफ्रॅक्शन’ हे नाव मिळाले. प्रत्यक्ष रुग्णांमध्ये ते अजून निर्विवाद सिद्ध झालेले नाही. त्यामुळे केवळ या कारणासाठी निरोगी दात यंत्राने घासून चावा (वरखालचे दात जुळण्याची ठेवण) बदलण्याचा सल्ला मिळाला, तर रुग्णाने दुसरे मत जरूर घ्यावे. बहुतेक तोंडांत घर्षण, आम्ल आणि ताण यांपैकी एकाहून अधिक कारणे एकत्र नांदत असतात.

ही तक्रार विरळा नाही. जगभरातील पाहण्यांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढांमधील सरासरी प्रमाण ४६.७ टक्के, तर निरनिराळ्या पाहण्यांतील आकडे ९ पासून ९३ टक्क्यांपर्यंत होते. मोजण्याच्या पद्धती आणि तपासलेल्यांची वये सारखी नसल्याने इतकी तफावत पडते. वयाबरोबर प्रमाण वाढते, याबद्दल मात्र फारसा मतभेद नाही.

खाचेत सिमेंट भरले आणि ते काही काळाने निघाले, की रुग्ण डॉक्टरांवर किंवा साहित्यावर नाराज होतो. मानेपाशी भराव टिकवणे अवघड असतेच, पण कारण तसेच राहिले तर भरावाच्या कडेने झीजही चालूच राहते. मऊ ब्रश, हलका हात आणि आहाराची विचारपूस या गोष्टी भरावाच्या आधी यायला हव्यात. उथळ, न दुखणारी खाच तर नुसती लक्षात ठेवून वेळोवेळी तपासली तरी पुष्कळदा पुरते.

पुण्यात दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांची तपासणी शिबिरेही भरतात. त्यांनी किडीबरोबर या झिजेचीही स्वतंत्र नोंद ठेवावी आणि त्यासोबत रुग्णाचे वय, दात घासण्याचे साधन व आम्लपित्ताचा त्रास विचारावा. पेस्ट आणि मंजन उत्पादकांनी घर्षणाचा आकडा वेष्टनावर ठळक छापावा, हीही माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक दंतवैद्य, पुणे