विरोधकांचे सगळेच म्हणणे टाकाऊ नव्हते

संपादक महोदय,

अमेरिकेतील बंदूकधारकांचा विरोध म्हणजे निव्वळ शस्त्रांचे वेड, असा सूर आपल्याकडे सर्रास लावला जातो. व्हर्जिनिया राज्याचे उदाहरण पाहता तो मला एकांगी वाटतो.

व्हर्जिनिया बीच येथे ३१ मे २०१९ रोजी गोळीबारात १२ जणांचा बळी गेला आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत विधिमंडळाची दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटिक पक्षाकडे आल्यावर गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनी शस्त्रनिर्बंधांचा आग्रह धरला. त्याविरुद्ध शंभराहून अधिक स्थानिक स्वराज्य संस्थांनी ठराव केले, आणि २० जानेवारी २०२० रोजी राजधानी रिचमंडमध्ये सुमारे २२ हजार लोक जमले. दंगलीची भीती होती, प्रत्यक्षात दिवस शांततेत गेला. (विधिमंडळाच्या आवाराच्या कुंपणाबाहेर खांद्यावर रायफली अडकवून उभ्या असलेल्या जमावाला शांत म्हणावे का, हा प्रश्न उरतोच.)

खरेदीदाराच्या पूर्वेतिहासाची तपासणी किंवा महिन्याला एकच पिस्तूल, या अटींना झालेला विरोध मला पटत नाही. मात्र कायदेशीर मार्गाने घेतलेली रायफल उद्या बेकायदा ठरेल, ही धास्ती अगदीच निराधार नव्हती. अशा काही रायफलींवर बंदी आणू पाहणारे विधेयक फेब्रुवारीत सिनेटच्या समितीत अडले, तेही सत्ताधारी पक्षाच्याच चार सदस्यांमुळे. आपल्याकडेही २०१९ च्या शस्त्र दुरुस्ती विधेयकात परवानाधारकास एकच शस्त्र ठेवू देण्याचा प्रस्ताव होता, तो विरोधानंतर दोनवर आला, याची आठवण टीकाकारांनी ठेवावी.

— एक वाचक, पुणे